पुढचं गाणं कोणतं लागेल? (अनुभव धागा)

स्वतः जमवलेल्या गाण्यांवर शफल लावून बसण्यासारखं सुख नाही, असं माझं ठाम मत आहे. रेडिओवरही अचानक काहीतरी छान लागतं, पण तिथे नावडतंही ऐकावं लागतं. इथे प्रत्येक गाणं आपणच कधीतरी हौसेने घेतलेलं असतं, फक्त क्रम आपल्या हातात नसतो. परवा एका ठुमरीचा शेवटचा सा कानात घुमत असतानाच एक पियानोवादन सुरू झालं, आणि तेही नेमकं त्याच पट्टीत! ही जोडी मी जन्मात लावली नसती. तुमच्याकडे अशा कुठल्या जोड्या जमल्या? कसं ऐकता, काय वगळता? सविस्तर लिहा.

———

मी कॅसेटच्या काळातली. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला तीस मिनिटं, त्यात बसतील अशी गाणी निवडून भरून घ्यायची. शेवटच्या गाण्याचं एखादं कडवं हमखास तुटायचं. ती कॅसेट इतकी ऐकली की क्रम डोक्यात पक्का बसला. आजही एक गाणं संपलं की पुढच्याचं सुरुवातीचं म्युझिक मनात आपोआप वाजायला लागतं. आता तीच गाणी फोनमध्ये आहेत. शफलवर त्यातलं एखादं येतं, संपतं, मन सवयीने पुढचं सुरू करतं आणि कानावर भलतंच पडतं. आधी फार चुकल्यासारखं व्हायचं. पण दोन लाडक्या गाण्यांच्या मध्ये वर्षानुवर्षं दबून गेलेलं एक गाणं असं सुटं ऐकलं, तेव्हा त्यातली दुसऱ्या कडव्याआधीची बासरी पहिल्यांदा नीट कानात शिरली. आता त्या गाण्याची वाट बघते मी.

———

एकाच गायिकेची गाणी लागोपाठ आली की लोकांना वाटतं शफल बिघडलं. तसं नसतं. दहा जणांची सारख्याच संख्येने गाणी असतील, तर पुढचं गाणं त्याच गळ्यातलं निघण्याची शक्यता साधारण दहात एक. तासाभरात अशी एखादी जोडी पडणं अगदी स्वाभाविक आहे. शफल म्हणजे पत्ते पिसणंच: प्रत्येक गाणं एकदाच येतं, क्रम तेवढा बदलतो. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ही पद्धत १९३८ मध्ये मांडली, तीही कागदावर करण्यासाठी! पण आपल्या मनाला असे योगायोग पटत नाहीत. म्हणून स्पॉटिफायने २०१४ मध्ये एका कलाकाराची गाणी मुद्दाम लांब लांब पसरवायला सुरुवात केली. मला मात्र साधं, न सावरलेलं शफल आवडतं. एकदा एकाच गायिकेची तीन गाणी ओळीने लागली: आधी उतारवयातलं, मग अगदी कोवळ्या आवाजातलं, मग ऐन बहरातलं. आवाजाचा एवढा प्रवास दहा-बारा मिनिटांत, तोही उलटसुलट. अंगावर काटा आला.

———

शास्त्रीय ऐकणाऱ्यांनो, एक काळजी घ्या. विलंबित (संथ लयीतला आधीचा भाग) आणि द्रुत (जलद लयीतला नंतरचा) वेगळ्या फाइली असतील, तर शफल आधी द्रुत वाजवतं आणि दोन तासांनी विलंबित! राग उभा राहण्याआधीच ताना सुरू. मी असे दोन ट्रॅक जोडून एकच फाइल करतो. मैफलीच्या ध्वनिमुद्रणातलं निवेदन तर आयट्यून्समध्ये 'शफल करताना वगळा' अशी खूण करून बाजूला ठेवलंय.

———

माझं दुखणं आवाजाच्या पातळीचं. जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं हळू, खरखरीत. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचं नवं गाणं कानठळ्या बसवतं. प्लेअरमध्ये आवाज समान राखण्याची सोय असते, ती चालू केल्यापासून जुनी गाणी बिचारी मागे पडत नाहीत.

———

माझा एकच नियम: लागलेलं गाणं पुढे ढकलायचं नाही. सकाळी सकाळी विरहगीत लागलं तरी पूर्ण ऐकते. आणि खरंच ऐकवेनासं झालं, तर ते गाणं त्याच दिवशी संग्रहातून काढून टाकते. आवडीचा म्हणून जमवलाय ना संग्रह, मग त्यात नुसती भरती कशाला?