कणकुंबीला पाणी दोन बाजूंना कसं फुटतं?

डिचोलीकर:
गेल्या रविवारी चोर्ल्यातून बेळगावला जाताना कणकुंबीला चहाला थांबलो तर तिथले एक आजोबा म्हणाले मलप्रभा इथेच उगम पावते आणि पूर्वेला जाते, आणि जवळचाच कळसा नाला मात्र खाली आपल्या म्हादईला येतो. मला लहानपणापासून वाटायचं घाटमाथ्यावर धारदार कडा असणार, अलीकडचं पाणी आपलं पलीकडचं त्यांचं. तिथे तर नुसतं रान, उंचसखल जमीन, कडा कुठे दिसेना. मग पाणी ठरवतं कसं कुठे जायचं?

घाटवाट:
कडा आहे, पण गोव्याच्या बाजूला. माथ्यावर पठार आहे आणि पाणढाळ, म्हणजे जिथून पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती रेषा, त्या पठारावरून जाते, कधी कधी एखाद्या लहानशा उंचवट्यावरून. एका उताराचं पाणी मलप्रभेतून कूडलसंगमला कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात, दुसऱ्या उताराचं म्हादईतून (खाली तिलाच मांडवी म्हणतात) पणजीला अरबी समुद्रात. दोन्ही नद्या खानापूर तालुक्यातल्याच, म्हादई तिथल्या देगावची. पाणढाळ इतकी जवळ म्हणूनच कर्नाटकात कालवा खणून कळसाचं पाणी मलप्रभेत टाकायची गोष्ट निघाली, उंच डोंगर मध्ये असता तर कोणी नावही काढलं नसतं.

सत्तरीची लेक:
आमचं गाव म्हादईकाठी. नकाशावर खोरं २०३२ चौ.किमी., त्यातलं १५८० गोव्यात, म्हणून बाहेरचे म्हणतात वरचं थोडं गेलं तर तुमचं काय जातं. पाऊस चार महिने धो धो, तेव्हा पाणी कोणाला कमी नाही हो, प्रश्न फेब्रुवारी ते मे चा आहे. आमच्याकडे पुरण शेती करतात, पावसाळा सरला की नदीने आणून टाकलेल्या गाळावर भात लावतात. माझी आजी पहाटे जाऊन हाताने वाळूचा बांध सारखा करायची, पाणी जास्त आलं तर रोप वाहून जातं, कमी आलं तर गाळ तडकतो. वरून येणारी धार बारीक झाली तर ही शेती उरणारच नाही, हे मी भांडायला नाही सांगत, डोळ्यांनी बघितलंय.

घाटवाट:
ताई एकदम बरोबर. आकड्यांबद्दल एक सांगतो. म्हादईच्या पाणीतंट्यावरच्या लवादाच्या २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) दिलंय, पण त्यातलं ८.०२ वीजनिर्मितीसाठी, ते पाणी परत नदीतच येतं. खोऱ्याबाहेर वळवायचं ते ३.९, कळसा १.७२ आणि भांडुरा नाला २.१८. लोक सगळे १३ टीएमसी वळवणार म्हणून शेअर करतात त्याने आपलीच बाजू लंगडी पडते. ३.९ चं दुखणं उन्हाळ्याचं, तेवढंच नीट मांडलं तरी पुरे आहे.

खाजनवाला:
खालच्या टोकाचं पण ऐका. भरतीचं खारं पाणी उन्हाळ्यात नदीत वर चढतं, वरून गोडं पाणी जोर देत असतं म्हणून ते अडतं. तो जोर कमी झाला की खारेपणा आणखी वर. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेची) दारं नीट लागली नाहीत तर एका भरतीत शेत खारं होतं. आणि हे फक्त म्हादईचं नाही, तिळारी महाराष्ट्रातून येते तीच खाली आपली शापोरा होते, तेरेखोल पण तिकडचीच.

डिचोलीकर:
सगळ्यांना देव बरें करूं. ताई, जानेवारीत आलो तर पुरण बघायला मिळेल का? मुलीला घेऊन यायचंय.

सत्तरीची लेक:
या की, त्या वेळी शेत हिरवंगार असतं. चपला मात्र बांधावर काढून या.