मीठ ‘वाहतं’ की ‘सरकतं’?

दगडवेडी: इराणच्या झाग्रोस पर्वतावरचा एक लेख मराठीत करतेय. अरबी भूपट्टाच्या रेट्याने तिथे लांबच लांब वळ्या पडल्या आहेत. त्यांच्या तळाशी हॉर्मुझचं मीठ आहे, 50 कोटी वर्षांहून जुनं. काही ठिकाणी ते किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचा खडक भेदून डोंगरमाथ्यावर आलंय आणि उतारावरून खाली पसरतंय. मी लिहिलं, ‘मीठ वाहतं’. संपादकांनी केलं, ‘मीठ विरघळून वाहतं’. अर्थच गेला ना! ते मीठ घनच असतं.

आगरातली: ताई, चूक संपादकांची नाही. माझे वडील उरणला मिठागरात होते. आमच्याकडे ‘मीठ वाहायचं’ म्हणजे टोपलीतून डोक्यावर न्यायचं. आणि ‘मीठ वाहून गेलं’ म्हणजे अवकाळीने घात केला. घन मीठ वाहतं असं मी तरी कधी ऐकलं नाही.

शुद्धमती: ‘सरकतं’ लिहा. आपल्या शाळेच्या पुस्तकात हिमनदीसुद्धा सरकते. वाहणं हे द्रवाचं काम. शास्त्रीय संज्ञाच हवी असेल तर ‘लवणसर्पण’.

दगडवेडी: कपाट सरकतं तेव्हा कपाटच राहतं. हे मीठ आकार बदलतं, एका जागी पातळ होतं, दुसरीकडे फुगतं. आणि लवणसर्पण वाचून मला तरी साप दिसतो.

पुरणपोळीवाली: पोळी लाटताना पाहा. लाटणं पडलं की आतलं पुरण कडेला जातं, कणीक कुठे पातळ असली की तिथून फुटून बाहेर येतं. पुरण काही द्रव नाही. माझी आई म्हणायची, ‘पुरण पळतंय, हलक्या हाताने लाट.’ पळणं का नको?

भूशास्त्र_शिकवतो: काकू, उपमा फार जवळची आहे. वरच्या थरांचं ओझं सगळीकडे सारखं नसतं, मीठ कमी ओझ्याकडे जातं. भूपट्ट ताणले जातात तिथेही मिठाचंच चालतं. उत्तर समुद्राखाली सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वीचं मीठ आहे. खालचा खडक तुटून खचला, पण अनेक जागी ती भेग वरपर्यंत पोचलीच नाही, मिठाने ती मधेच जिरवली. वरचे थर नुसते वाकले. शाळेतल्या ‘खचदरी’च्या आकृतीत एकच भेग तळापासून माथ्यापर्यंत काढतात, ती इथे चालत नाही.

संपादकांच्या बाजूने एक सांगतो. झाग्रोसमधलं हे मीठ पावसाने भिजलं की जास्त वेगाने पुढे येतं. ओलीमुळे कण दाबाच्या बाजूने विरघळतात आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा जमतात. म्हणजे थोडं विरघळणं आहे, पण अख्खं मीठ घनच राहतं.

शुद्धमती: मग ‘वाहणे’ तर नकोच. वाचक पाणीच समजणार.

जुनी_पोथी: संदर्भ असतो की. ‘सैंधवमानय’ हे संस्कृतातलं उदाहरण आठवा. जेवताना म्हटलं तर मीठ आणायचं, निघताना म्हटलं तर घोडा. मराठी वाहण्याचेही तीन अर्थ आहेत: पाणी वाहतं, हमाल ओझं वाहतो, देवाला फूल वाहतात. आणि ते सैंधव जिथून येतं, त्या पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीपाशी दुसरा अर्थ अक्षरशः खरा आहे. उत्तरेचं पोटवारचं पठार मिठाच्या थरावरून दक्षिणेकडे आलं, तेही फारसं न चुरगळता. मीठ पठार वाहतं!

दगडवेडी: हे फार आवडलं. पण माझ्या वाक्यात कर्म नाही, म्हणून अडलंय.

आगरातली: सैंधव म्हणजेच उपवासाचं शेंदेलोण ना? आमच्याकडे काळ्या मिठाला शेंदेलोण म्हणतात.

पुरणपोळीवाली: नाही गं, काळं ते पादेलोण. शेंदेलोण गुलाबी-पांढरं.

आगरातली: मग लोणी पण लवणातूनच आलं का?

जुनी_पोथी: लोणी ‘नवनीता’तून. लवणातून आलं ते लोणचं.

शुद्धमती: लोणच्यासाठी वेगळा धागा काढा. इथे क्रियापद ठरायचंय.

आगरातली: काढते. पण पादेलोणातलं ‘पादे’ कुठून आलं, तेवढं आधी सांगा कुणीतरी.