रीफर कंटेनरची तापमान-नोंद निर्दोष, तरीही आतली द्राक्षे खराब: चूक कुठे झाली असावी?

प्रश्न (नवा निर्यातदार)

सर्वांना नमस्कार. आमच्या उत्पादक गटाने प्रथमच ताजी द्राक्षे समुद्रमार्गे परदेशी पाठवली. चाळीस फुटी हाय क्यूब (जास्त उंचीच्या) रीफर, म्हणजे शीतयंत्र असलेल्या, कंटेनरमध्ये २० पॅलेट्स (खोकी रचलेले फळ्यांचे तळ) होती, सेट पॉइंट, म्हणजे यंत्रावर ठरवून दिलेले तापमान, उणे ०.५ अंश सेल्सिअस होता आणि प्रवासाला २४ दिवस लागले. खरेदीदाराने कंटेनर उघडला तेव्हा दाराजवळच्या पॅलेट्समध्ये आणि मधल्या काही पॅलेट्सच्या आतल्या खोक्यांत बुरशी आढळली. देठ तपकिरी पडले होते आणि मणी सैल झाले होते. शिपिंग लाइनने दिलेल्या नोंदीत मात्र सप्लाय एअरचे (यंत्रातून आत सोडलेल्या थंड हवेचे) तापमान संपूर्ण प्रवासात सेट पॉइंटच्या आसपासच दिसते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. प्री-कूलिंगच्या (माल चढवण्याआधी थंड करण्याच्या) खोलीत जागा कमी पडल्यामुळे जवळजवळ निम्मी पॅलेट्स पॅकिंग झाल्यावर थेट कंटेनरमध्ये चढवली. कंटेनरचे यंत्र चालूच होते, त्यामुळे माल वाटेत थंड होईल असे आम्ही धरून चाललो. हेच नुकसानीचे कारण असेल का? शिवाय त्याच खरेदीदाराला पुढच्या वेळी गोठवलेला मटारही हवा आहे. तो द्राक्षांबरोबर एकाच कंटेनरमधून पाठवता येईल का?

उत्तर १ (शीतसाखळी तंत्रज्ञ)

आपल्या प्रश्नातच उत्तर आले आहे. रीफर कंटेनरचे यंत्र थंड माल थंड ठेवण्यासाठी बनवलेले असते, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. हा फरक बुकिंगच्या वेळी फारसे कोणी समजावून सांगत नाही, आणि नव्या निर्यातदाराचे सर्वाधिक नुकसान याच ठिकाणी होते.

प्री-कूलिंगच्या खोलीत पंख्याच्या ओढीने थंड हवा प्रत्येक खोक्याच्या छिद्रांतून आरपार नेली जाते, म्हणून फळाची उष्णता काही तासांत निघते. कंटेनरमध्ये हवा जमिनीखालून येऊन वर जाते आणि तिची ओढ त्यामानाने सौम्य असते. त्यात द्राक्षे प्लॅस्टिकच्या अस्तरात गुंडाळलेली असतील, तर तेवढीच उष्णता निघायला कित्येक दिवस लागतात. तोपर्यंत फळ श्वसन करत असते आणि स्वतःही उष्णता सोडत असते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो, त्यामुळे पॅलेटच्या गाभ्यातले फळ सुरुवातीच्या त्या दिवसांतच आपले बरेचसे आयुष्य संपवून बसते. गरम फळातून निघालेली वाफ थंड अस्तरावर पाणी होऊन साचते. त्या ओलाव्याने खोक्यात बुरशी रोखण्यासाठी ठेवलेले सल्फर डायऑक्साइड वायूचे पॅड सुरुवातीलाच जास्त वायू सोडून देतात आणि पुढच्या प्रवासात बुरशीला अटकाव करण्यासाठी फारसे काही उरत नाही.

आता नोंदीविषयी. सप्लाय एअरचा आकडा यंत्राने किती थंड हवा दिली एवढेच सांगतो. ती हवा मालातून काय घेऊन परतली हे रिटर्न एअरच्या आकड्यावरून कळते. शिपिंग लाइनकडे रिटर्न एअरचा आलेख मागा. पहिले काही दिवस तो सप्लायपेक्षा बराच वर राहून हळूहळू खाली आला असेल, तर माल गरम चढला होता हे स्पष्ट होईल. मधूनमधून दिसणाऱ्या छोट्या उंचवट्यांनी मात्र घाबरू नका. कॉइलवरचा (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवरचा) बर्फ वितळवण्यासाठी यंत्र डीफ्रॉस्टवर जाते तेव्हा ते उमटतात.

आणखी एक सूचना: दारे उघडी ठेवून माल चढवताना यंत्र बंदच ठेवावे. ते चालू असले की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, कॉइलवर बर्फ धरतो आणि प्रवासाच्या आरंभीच यंत्राची ताकद घटते. शीतगृहाचे दार कंटेनरला हवाबंद जोडलेले असेल तरच कंटेनर आधी थंड करण्यात अर्थ आहे.

उत्तर २ (लोडिंग पर्यवेक्षक)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, पण दाराजवळची पॅलेट्स खराब होण्यामागे दुसरेही कारण असू शकते. २० पॅलेट्स लावल्यावर दाराशी जमिनीची एक पट्टी उघडी राहते. हवेला जिथे अडथळा कमी तिथून ती निघून जाते. त्या उघड्या पट्टीतून ती थेट वर जाते आणि मालातून फिरतच नाही. ती पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकली होती का? बरोबरीने दोन गोष्टी तपासा: माल भिंतीवरच्या लाल रेषेच्या (माल रचण्याच्या कमाल उंचीच्या खुणेच्या) खाली होता का, आणि एकावर एक रचलेल्या खोक्यांची छिद्रे एका रेषेत येत होती का. तिरकी रचलेली खोकी पॅलेटला मजबुती देतात, पण हवेची वाट बंद करतात.

हवा फिरवण्याची ही अडचण या व्यवसायाइतकीच जुनी आहे. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून लंडनला ९८ दिवसांत पोहोचले. वाटेत थंड हवा मालात नीट पसरेना, म्हणून कप्तान स्वतः हवेच्या नळीत शिरून जादा भोके पाडू लागला आणि थंडीने इतका गारठला की त्याला पायाला दोर बांधून बाहेर ओढावे लागले. यंत्र तेव्हाही चालूच होते. लोडिंगच्या वेळी माझ्या हाताखालच्या मुलांना मी हा प्रसंग आवर्जून सांगतो.

उत्तर ३ (सागरी विम्याचे काम पाहणारा)

भरपाईविषयी आपण विचारलेले नाही, तरीही लिहितो, कारण मुदती आपली वाट पाहत नाहीत. हेग-व्हिस्बी नियम (समुद्रमार्गे मालवाहतुकीत वाहकाची जबाबदारी ठरवणारे आंतरराष्ट्रीय नियम) लागू असतील, तर बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात मिळाल्यापासून ३ दिवसांत द्यावी लागते आणि दावा १ वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. ३ दिवस उलटले म्हणून हक्क संपत नाही. मात्र माल चांगल्या स्थितीत मिळाला असे प्रथमदर्शनी मानले जाते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

या प्रकरणात माझे मत आपल्याला रुचणार नाही. माल गरम चढला असेल, तर हीच नोंद शिपिंग लाइनच्या बाजूने पुरावा ठरेल, आणि विमा कंपनीही मालाच्या मूळ स्थितीकडे बोट दाखवेल. विलंबामुळे झालेले नुकसान बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते. यंत्र बिघडल्याची भरपाई कित्येकदा बिघाड सलग २४ तास राहिला तरच मिळते. म्हणून ते कलम पॉलिसी घेतानाच वाचावे.

पुढच्या वेळी प्रत्येक पॅलेटमधल्या फळात टोकदार थर्मामीटर घालून गाभ्याचे तापमान लिहून ठेवा, त्याचे छायाचित्र घ्या, आणि स्वतःचे डेटा लॉगर (तापमान आपोआप नोंदवणारी छोटी उपकरणे) किमान दोन ठिकाणी, मधल्या आणि दाराजवळच्या पॅलेटमध्ये, ठेवा. बुकिंगच्या कागदावर तापमान अंकांबरोबर अक्षरांतही लिहा, ‘उणे’ किंवा ‘अधिक’ या शब्दासकट, आणि सेल्सिअस की फॅरनहाइट तेही नमूद करा. एका चिन्हाच्या चुकीने अख्खा कंटेनर वाया जातो.

नवा निर्यातदार

सर्वांचा मनापासून आभारी आहे. रिटर्न एअरचा आलेख आज मिळाला. पहिल्या दिवशी तो ७ अंशांच्या वर होता आणि १ अंशाखाली यायला सहा दिवस लागले. दाराशी पुठ्ठा लावलेला नव्हता. गटातील शेतकऱ्यांसमोर मी हे सारे जसेच्या तसे ठेवणार आहे. मटाराबद्दल कोणी सांगू शकेल का?

उत्तर ४ (शीतसाखळी तंत्रज्ञ)

एकाच कंटेनरमधून नाही. सर्वसाधारण रीफरमध्ये एकच यंत्र आणि एकच तापमान असते. मटाराला उणे १८ किंवा त्याहून कमी लागते, आणि द्राक्षे त्या तापमानात दगडासारखी गोठतील. मटाराचा स्वतंत्र कंटेनर भरेल एवढा माल नसेल, तर दुसऱ्या निर्यातदाराच्या गोठवलेल्या मालाबरोबर तो पाठवता येईल का, हे फ्रेट फॉरवर्डरला (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाला) विचारा.

गोठवलेल्या मालाची रचना ताज्या मालाच्या उलट असते. तो श्वसन करत नाही, त्यामुळे हवा त्याच्या आतून जाण्याची गरज नसते. तिने त्याच्याभोवती आवरणासारखे फिरायचे असते. खोकी बिनछिद्री घ्या, एकमेकांना घट्ट लावून रचा आणि ताज्या हवेची (बाहेरची हवा कंटेनरमध्ये घेणारी) झडप पूर्ण बंद ठेवा. चढवण्यापूर्वी काही पिशव्या हातात घेऊन हलवा. दाणे सुटे खळखळले तर ठीक. गोळे झाले असतील किंवा आत बर्फाचा चुरा दिसला, तर तो माल आधीच कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला आहे आणि तो परत पाठवावा.