‘रंगद्रव्य’ की ‘रंजक’? सायनोबॅक्टेरिया आणि त्यांच्याभोवतीचे शब्द

प्रश्न : स्पिरुलिना या सायनोबॅक्टेरियापासून (प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवाणूपासून) मिळणाऱ्या फायकोसायनिन या निळ्या पदार्थाला काही लेखांत ‘रंगद्रव्य’, तर काही लेखांत ‘रंजक’ म्हटलेले आढळते. हे शब्द समानार्थी मानावेत का? शिवाय सायनोबॅक्टेरियांपासून ‘जैवप्लास्टिक’ होते असे लिहितात, त्याचा नेमका अर्थ काय?

पहिले उत्तर : ते समानार्थी नाहीत. जीवशास्त्रात विशिष्ट प्रकाश शोषणाऱ्या पदार्थाला, मग तो पाण्यात विरघळो वा न विरघळो, रंगद्रव्यच म्हणतात; त्यामुळे पेशीत राहून नारिंगी प्रकाश शोषणारे आणि ती ऊर्जा हरितद्रव्यापर्यंत पोहोचवणारे फायकोसायनिन हे रंगद्रव्यच होय. रंगांच्या उद्योगात मात्र माध्यमात न विरघळता कणरूपाने राहते ते रंगद्रव्य आणि विरघळून धाग्यात मुरते ते रंजक, असा भेद पाळतात. फायकोसायनिन पाण्यात सहज विरघळते, म्हणून या कसोटीवर ते रंगद्रव्य ठरत नाही. तरीही त्याला रंजक म्हणताना माझा हात अडखळतो, कारण ते प्रथिन आहे; साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर त्याची रचना मोडू लागते व निळा रंग फिका पडतो, त्यामुळे कापड रंगवण्याच्या गरम कुंडात त्याचा निभाव लागणे कठीण. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्पिरुलिनाच्या अर्काला प्रथम परवानगी दिली तीही गोळ्या-चॉकलेटे व च्युइंगमसाठीच. तेव्हा पेशीविषयी लिहिताना ‘रंगद्रव्य’ आणि बाटलीतील मालाविषयी लिहिताना ‘खाद्यरंग’ म्हणणे मला अधिक नेमके वाटते.

दुसरे उत्तर : सायनोबॅक्टेरियांचे ‘नीलहरित शैवाल’ हे जुने नाव अजून रूढ आहे, लोणार सरोवराच्या हिरव्या पाण्याविषयी लिहिताना तेच वापरतात. पण या जिवांच्या पेशीत केंद्रक नसल्याने ते जीवाणूच आहेत.

‘जैवप्लास्टिक’ हा शब्द अधिक घोटाळ्याचा आहे, कारण तो कधी कच्च्या मालाविषयी बोलतो, तर कधी वस्तूच्या शेवटाविषयी. नायट्रोजन किंवा फॉस्फरसची टंचाई झाली की काही सायनोबॅक्टेरिया कार्बनचा साठा पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या कणांच्या रूपात करतात. हा पदार्थ सजीवांपासून येतो आणि मातीतील सूक्ष्मजीव त्याचे विघटनही करतात, म्हणून त्याला दोन्ही अर्थ लागू पडतात. उलट ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून होणारे पॉलिथिलीन जैवप्लास्टिक म्हणूनच विकले जाते, परंतु ते खनिज तेलाच्या पॉलिथिलीनसारखेच न कुजता टिकून राहते. विघटनच अभिप्रेत असेल तर ‘जैवविघटनशील’ लिहावे आणि ते मातीत, समुद्रात की केवळ औद्योगिक कंपोस्टच्या उष्णतेत होते, तेही सोबत सांगावे.