हॉस्पिटलवर हल्ला कायद्यात कधी बसतो का?

प्रश्न: कुंदुझबद्दल वाचत होते. ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकन विमानाने अफगाणिस्तानातल्या डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेच्या हॉस्पिटलवर हल्ला केला, ४२ माणसं गेली, पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, नर्स. तिथे जखमी तालिबान्यांवरही उपचार चालायचे, मग त्यामुळे हॉस्पिटलचं कायद्याने मिळणारं संरक्षण जातं का?

उत्तर १: नाही हो ताई. युद्धात सामान्य नागरिकांच्या संरक्षणासाठीच्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं कलम १९ बघा, जखमी सैनिकावर उपचार करणं म्हणजे शत्रूला मदत नाही, अगदी त्याची काढून घेतलेली बंदूक तिथे पडून असली तरी. संरक्षण जातं ते हॉस्पिटलमधून लढाईची कामं झाली तरच, आणि तेव्हाही आधी इशारा द्यायचा, शक्य तिथे वाजवी मुदत द्यायची.

उत्तर २: आणि हॉस्पिटलने जीपीएस लोकेशन आधीच कळवलं होतं! अमेरिकेने बिल्डिंग ओळखण्यात चूक झाली म्हटलं, १६ जणांवर खात्याअंतर्गत कारवाई, फौजदारी खटला एकावरही नाही. माझी बहीण नर्स आहे, हे वाचून रात्री झोप नाही लागली.

प्रश्नकर्ती: म्हणजे चूक म्हटलं की गुन्हा नाही?

उत्तर १: युद्धगुन्ह्याला सहसा हेतू सिद्ध करावा लागतो, तिथेच अडतं. पण खात्री करून घेण्याची जबाबदारी हल्ला करणाऱ्याचीच, आणि माझ्या मते बेफिकिरीवरही खटला व्हायला हवा होता.