बंदी पाण्यात हवी, तशीच बाजारातही

मासे वाचवायला ‘अंडी घालण्याची जागा मासेमारीला बंद केली की झालं’ असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. कॅरिबियनमधला नासाऊ ग्रूपर हा मासा हिवाळ्यातल्या पौर्णिमेनंतरच्या संध्याकाळी, खडक एकदम खोल उतरतो त्या टोकावर अंडी सोडतो. पण तिथवर तो ठरलेल्या वाटेनं कड्याच्या काठाकाठानं येतो, आणि वाटेतले पिंजरे त्याला गाठतात. म्हणून जागेसोबत डिसेंबर ते मार्च पकडणं, बाळगणं, विकणं सगळंच बंद हवं. शेजारी देशात विक्री चालू असेल, तर चोरून धरलेला मासा तिकडचा म्हणून खपतो.

साठा किती उरलाय हे ठरवायला पकडीच्या आकड्यांवर तर विसंबूच नका. अंडी घालायला मासे एकवटलेले असल्यामुळे साठा निम्म्यावर आला तरी जाळं भरतंच; कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. त्यापेक्षा खुणेचे टॅग लावून पाण्याखाली मोजणी करा आणि सगळ्या देशांत पद्धत एकच ठेवा. केमन बेटांपैकी लिटल केमनला २००१ मध्ये सापडलेला सुमारे सात हजारांचा थवा दोन हंगामांत बराचसा उपसला गेला. २००३ पासून बंदी आहे, तरी संख्या पुन्हा तिथवर यायला साधारण पंधरा वर्षं लागली.

आणि हो, अंडी घालण्याच्या ठिकाणाचे अक्षांश-रेखांश अहवालात छापू नका; चोरून धरणाऱ्यांना आयताच पत्ता मिळतो.