मदत हवी आहे: वर्डच्या लांबलचक टेम्पलेटमध्ये एका विभागातून दुसऱ्या विभागात पटकन कसं जायचं?

नमस्कार मंडळी,

वर्डमध्ये रोज काम करणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, आणि मला हा प्रश्न खरोखर सोडवायचा आहे.

आम्ही यंत्रांच्या तपासणीचे अहवाल लिहितो. त्यासाठी एक ठरलेलं टेम्पलेट आहे. रिकामं असताना ३४ पानं, भरलं की साठच्या घरात. त्यात १२ विभाग आणि शेवटी दोन परिशिष्टं. अडचण अशी, की हा अहवाल वरून खाली सलग कधीच भरला जात नाही. मोजमापं हातात आली की विभाग ६ उघडायचा, त्यावरून विभाग ९ मधला निष्कर्ष लिहायचा, मग विभाग २ मधला सारांश बदलायचा, तेवढ्यात फोटो येतात म्हणून परिशिष्टात जायचं, की पुन्हा विभाग ६. दिवसातून पन्नास वेळा तरी ही ये-जा होते आणि प्रत्येक वेळी मी माउसचं चाक फिरवत बसते. संध्याकाळी मनगट भरून येतं. त्याहून वाईट म्हणजे योग्य जागी पोचेपर्यंत डोक्यातला आकडा निसटतो. मागच्या आठवड्यात ४.८ च्या जागी ८.४ लिहिलं गेलं. सहकाऱ्यानं वेळेवर पाहिलं म्हणून ती चूक तिथेच थांबली. तेव्हाच ठरवलं, की आता याचा छडा लावायचा.

करून पाहिलेले प्रयोग:

कंट्रोल+एफ दाबून विभागाचं नाव शोधते. पण ‘शिफारशी’ हा शब्द मजकुरात जागोजागी आहे. नेमकं हेडिंग सापडेपर्यंत वीसेक ठिकाणी थांबावं लागतं.

कंट्रोल+जी दाबून ‘सेक्शन’ निवडलं आणि ७ टाकलं. कर्सर भलत्याच पानावर, परिशिष्टाच्या आसपास जाऊन बसला.

नॅव्हिगेशन पेन (डावीकडे हेडिंगांची यादी दाखवणारी पट्टी) उघडलं, कारण सगळे तेच सांगतात. त्यात फक्त ‘परिशिष्ट अ’ आणि ‘परिशिष्ट ब’ दिसतात. बाकीचे बारा विभाग गायब! हेडिंगवर कर्सर ठेवून तपासलं, स्टाइल ‘हेडिंग १’ हीच आहे. आणि मला न उलगडलेली गोष्ट म्हणजे पहिल्या पानावरच्या अनुक्रमणिकेत मात्र सगळी चौदा नावं बिनचूक येतात.

टेम्पलेट मी बनवलेलं नाही. बदल करायची परवानगी मिळू शकेल, पण छापल्यावर अहवाल आत्ता दिसतो तसाच दिसला पाहिजे. मॅक्रो (वर्डमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम) आमच्याकडे बंद आहेत, तेव्हा तो मार्ग नको. अहवाल आम्ही सहा जण भरतो, त्यातले दोघं कॉम्प्युटरला फारसे सरावलेले नाहीत. त्यांनाही जमेल असं काही सुचवा. वर्ड २०१९, विंडोज.

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा.

प्रतिसाद:
ताई, प्रश्न छान मांडलाय, त्यामुळे अंदाज बांधता येतो. एकच सांगा: ‘विभाग ६’च्या हेडिंगवर क्लिक केल्यावर वर रिबनमध्ये टेबलाचे जादाचे टॅब येतात का?

दरम्यान कंट्रोल+जीचं कोडं सोडवतो. वर्डच्या भाषेत ‘सेक्शन’ म्हणजे तुमचा विभाग नव्हे. सेक्शन ब्रेक टाकून पाडलेला भाग म्हणजे सेक्शन. एखादं पान आडवं करायचं असेल, हेडर-फूटर बदलायचं असेल, तिथे तो टाकलेला असतो. तुमच्या परिशिष्टात आडवी पानं असणार, म्हणून ७ म्हटल्यावर तिकडे गेलं. खात्री करायची तर खालच्या स्टेटस बारवर राइट क्लिक करून ‘सेक्शन’ला टिक करा. कर्सर कितव्या सेक्शनमध्ये आहे ते सतत दिसत राहील.

धागाकर्ती:
हो, टॅब येतात! बारीक पाहिलं तर बाराही विभाग मिळून एकच भलंमोठं टेबल आहे. प्रत्येक विभागाचं नाव म्हणजे त्या टेबलाची राखाडी रंगाची आख्खी ओळ. परिशिष्टं तेवढी टेबलाबाहेर आहेत. आणि आडव्या पानांचंही तुम्ही म्हणता तसंच निघालं.

प्रतिसाद (पहिलेच):
मग झालं निदान. नॅव्हिगेशन पेन टेबलाच्या आतली हेडिंगं दाखवत नाही. टेक्स्ट बॉक्समधली आणि हेडर-फूटरमधलीही नाही. स्टाइल कितीही बरोबर असली तरी नाही. पॅराग्राफमध्ये जाऊन आउटलाइन लेव्हल बदलली तरी टेबलात असेपर्यंत उपयोग शून्य. अनुक्रमणिका मात्र टेबलात शिरून हेडिंग उचलते, म्हणून तिथे चौदा आणि पेनमध्ये दोन.

पक्का इलाज एकच, विभागाचं नाव टेबलाबाहेर काढणं. राखाडी ओळीच्या खालच्या ओळीत कर्सर ठेवून कंट्रोल+शिफ्ट+एंटर दाबा. टेबल तिथे दुभंगतं आणि मधे एक रिकामा परिच्छेद तयार होतो. विभागाचं नाव त्या परिच्छेदात आणा, हेडिंग १ द्या (कंट्रोल+ऑल्ट+१), आणि वर उरलेली राखाडी ओळ काढून टाका.

दिसण्याची काळजी करू नका. हेडिंग १ याच स्टाइलमध्ये बदल करून राखाडी शेडिंग आणि चारी बाजूंची बॉर्डर देऊन ठेवा. कागदावर ती पट्टी टेबलाच्या ओळीसारखीच दिसते. फक्त एक करा: परिच्छेदाची बॉर्डर टेबलाच्या कडेपेक्षा किंचित बाहेर येते, ती डाव्या-उजव्या इंडेंटनं आत घ्या. हे हातानं एकेका हेडिंगला न करता स्टाइलमध्येच करा, म्हणजे बारा वेळा जुळवत बसावं लागणार नाही.

प्रतिसाद:
परवानगी मिळेपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. तुमची अनुक्रमणिका बरोबर आहे ना, मग तीच वापरा. कंट्रोल+होम दाबलं की पहिलं पान. तिथे कंट्रोल धरून विभागाच्या नावावर क्लिक. परत मागे यायला ऑल्ट+डावा बाण. ही शेवटची कळ फार कमी लोकांना ठाऊक असते. ब्राउझरमधल्या ‘मागे’सारखीच चालते.

शिवाय शिफ्ट+एफ ५. शेवटच्या ज्या तीन ठिकाणी तुम्ही टायपिंग केलं, तिथे आळीपाळीनं नेते. तुमची ६, ९ आणि २ अशी फेरी असते, म्हणजे नेमकी तीन ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी काहीतरी लिहिलं असेल तर काहीच मांडामांड न करता या एका कळीवर तुमचं निम्मं काम होईल. टेबल असो, काही असो, तिला फरक पडत नाही.

धागाकर्ती:
शिफ्ट+एफ ५ लगेच करून पाहिलं. खरंच विभाग ९ मधून थेट ६ मध्ये, ज्या चौकटीत आकडा लिहीत होते तिथेच! लॅपटॉपवर एफएन धरावं लागलं, एवढंच. मनापासून आभार.

प्रतिसाद:
बुकमार्कही आहेत की. हेडिंगचा शब्द निवडायचा, इन्सर्टमधून बुकमार्क, नाव द्यायचं. नंतर कंट्रोल+जीमध्ये ‘बुकमार्क’ निवडला की यादीतून उडी. नाव अक्षरानंच सुरू करावं लागतं आणि मधे स्पेस चालत नाही, अंडरस्कोर चालतो. मी रोमन लिपीत छोटी नावं देते. मात्र बुकमार्क हेडिंगलाच लावा, भरायच्या रिकाम्या जागेला लावू नका. तिथला मजकूर कुणी पूर्ण पुसला की बुकमार्कही जातो आणि उडी मारताना तो यादीत सापडतच नाही. आमच्याकडे असंच झालं होतं, अर्धा दिवस कारण कळेना.

प्रतिसाद:
मला वाटतं इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. विभागावर जाणं हा एक. पण अहवाल भरताना खरं तर विभाग नको असतो, पुढची रिकामी जागा हवी असते. त्यासाठी एफ ११ ही कळ आहे. ती पुढच्या फील्डवर (मजकुरातला खास कप्पा, ज्यात काय दाखवायचं ते वर्ड आतल्या सूचनेवरून ठरवतं) नेते, शिफ्ट+एफ ११ मागच्या फील्डवर.

टेम्पलेटमध्ये जिथे-जिथे भरायचं आहे तिथे मॅक्रोबटन नावाचं फील्ड टाका. नावात मॅक्रो असलं तरी यासाठी कुठलाही मॅक्रो लिहावा लागत नाही. कंट्रोल+एफ ९ दाबलं की फील्डचे महिरपी कंस उमटतात (हे कंस कीबोर्डवरून टाइप केलेले चालत नाहीत). आत मॅक्रोबटन हा शब्द, मग नोमॅक्रो हे नाव आणि मग सूचना, उदाहरणार्थ ‘इथे दाब लिहा’. पहिले दोन शब्द अर्थातच रोमन लिपीत. नंतर एफ ९ दाबलं की फक्त सूचना दिसते. एफ ११ नं त्या सूचनेवर पोचलात की ती आख्खी निवडली जाते, टाइप करायला लागलं की सूचना जाऊन तुमचा मजकूर येतो. टेबलाच्या चौकटीतही चालतं.

याचा मला झालेला खरा फायदा वेगळाच आहे. भरलेल्या जागेतलं फील्ड उरतच नाही. त्यामुळे अहवाल संपला असं वाटलं की वर जाऊन एफ ११ दाबत सुटायचं. जिथे थांबेल ती जागा राहिलेली. अनुक्रमणिका आणि क्रॉस रेफरन्स हीसुद्धा फील्डच असल्यानं तिथेही थांबतं, त्याची सवय होते. सूचना मात्र एका ओळीत मावेल एवढीच ठेवा. लांबली तर सूचनेऐवजी चुकीचा इशारा दिसायला लागतो.

प्रतिसाद:
लिबरऑफिस वापरणाऱ्या कुणी हा धागा पाहिला तर: रायटरमध्ये एफ ५ दाबा, नॅव्हिगेटर उघडतो. त्यात हेडिंगांबरोबर टेबलं, बुकमार्क, सेक्शन असं सगळं वेगवेगळं दिसतं. टेबलाच्या गुणधर्मांत जाऊन त्याला नाव दिलं की त्या नावावर डबल क्लिक करून थेट टेबलात जाता येतं.

प्रतिसाद:
मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) काम करतो. हेडिंग टेबलाबाहेर काढायचं ठरवताय याबद्दल आधी आभार. माझ्यासाठी खरं हेडिंग म्हणजे दार आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरताना वर्डमध्ये ब्राउझ मोड सुरू केला की ‘एच’ अक्षर दाबत मी एका हेडिंगवरून पुढच्यावर जातो. नुसतं ठळक आणि मोठं करून ठेवलेलं नाव असलं, की मला पानभर मजकूर ऐकत बसावा लागतो. तुमच्या सहा जणांत उद्या माझ्यासारखा कुणी आला तर त्याचं काम आजच सोपं झालेलं असेल. तेव्हा इतर विभागांची उपशीर्षकंही जमलं तर हेडिंग २ मध्ये टाका.

धागाकर्ती:
तुमचा प्रतिसाद वाचून उपशीर्षकांचं कामही यादीत घेतलं आहे. हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

धागाकर्ती (नऊ दिवसांनी):
मंडळी, परवानगी मिळाली आणि काम झालं. नंतर कुणाला लागेल म्हणून नेमकं काय केलं ते लिहिते.

टेम्पलेटची फाइल डबल क्लिक करून उघडली तर वर्ड त्यावरून नवीन कागद बनवतं, मूळ टेम्पलेट तसंच राहतं. यात माझा पहिला तास गेला. फाइलवर राइट क्लिक करून ‘ओपन’ म्हटलं तेव्हा खरं टेम्पलेट उघडलं. आधी अर्थातच त्याची प्रत बाजूला ठेवली.

मग टेबल बारा ठिकाणी तोडलं. राखाडी पट्टी हेडिंग १ च्या स्टाइलमध्येच बसवली, इंडेंट जुळवायला तीन-चार वेळा छापून पाहावं लागलं. स्टाइलमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ला टिक आहे ना ते पाहा, नाहीतर विभागाचं नाव पानाच्या तळाशी आणि टेबल पुढच्या पानावर असं होऊ शकतं. एक फायदा अनपेक्षित मिळाला. पूर्वी सगळं एकच टेबल असल्यानं वरच्या मथळ्याची ओळ प्रत्येक पानावर तीच यायची. आता प्रत्येक विभागाच्या टेबलाला ‘रिपीट हेडर रोज’ देऊन त्याचा-त्याचा मथळा आणता आला. मोजमापांच्या चार पानांवर ‘घटक, मर्यादा, प्रत्यक्ष’ हे दर पानावर वाचता येतं. वर जाऊन स्तंभ कुठला ते पाहायची गरज संपली.

जुना आणि नवा अहवाल छापून शेजारी ठेवले. वरिष्ठांना फरक सांगता आला नाही.

पेनमध्ये आता चौदाही नावं ओळीनं उभी आहेत. सरावलेले नसलेले जे दोघं म्हटलं होतं, त्यांना एवढंच दाखवलं: व्ह्यूमध्ये नॅव्हिगेशन पेनला टिक, मग डावीकडच्या नावावर क्लिक. दुसऱ्या दिवशी त्यातले एक स्वतःहून सांगायला आले, की आज चाक फिरवलंच नाही. एफ ११ च्या जागा विभाग ६ पुरत्या टाकल्या आहेत, बाकीच्या हळूहळू टाकेन.

हाती असलेले जुने अहवाल मात्र जुन्याच रचनेत राहिले. टेम्पलेट बदललं तरी त्यावरून आधी बनलेल्या फाइलींतला मजकूर बदलत नाही. त्यांच्यासाठी अनुक्रमणिका आणि शिफ्ट+एफ ५ चालू आहे.

प्रतिसाद:
अभिनंदन! एक सावधगिरी राहिली. त्या दोघांना सांगा, पेनमधल्या नावावर फक्त क्लिक करायचं, धरून ओढायचं नाही. ओढलं की नुसतं नाव नाही, त्याखालचा पूर्ण विभाग टेबलासकट उचलून दुसरीकडे जातो.

धागाकर्ती:
तुमचा प्रतिसाद यायच्या तासभर आधी नेमकं हेच झालं! विभाग ९ विभाग ५ च्या वर जाऊन बसला आणि विभाग हरवला म्हणून मला हाक आली. फाइल बंद केलेली नव्हती, त्यामुळे कंट्रोल+झेडनं जागेवर आला. आता सहाही जणांना तसं सांगून ठेवलं आहे.